थंडीच्या रात्री मॉड केलेल्या कॅमेऱ्याने तेजोमेघ टिपताना

मृग नक्षत्रात त्रिकांडाच्या, म्हणजे एका रेषेतल्या तीन ताऱ्यांच्या खाली नुसत्या डोळ्यांनी जो धुरकट ठिपका दिसतो, तो एम ४२ म्हणजे ओरायन तेजोमेघ, वायू आणि धुळीचा ढग. तो कुठल्याही डीएसएलआरने टिपता येतो. हेन्री ड्रेपरने ३० सप्टेंबर १८८० ला त्याचा पहिला फोटो काढला तेव्हा त्याला ५१ मिनिटांचं एक्स्पोजर द्यावं लागलं होतं. आज तेवढं चित्र अर्ध्या मिनिटात येतं. पण तिथून थोडं वर सरका. त्रिकांड उगवताना त्यातला जो तारा सगळ्यात खाली असतो, त्याला लागूनच अश्वमुख तेजोमेघ आहे. शेजारच्या शृंगाश्व तारकासमूहात रोझेट तेजोमेघ आहे, ययाति तारकासमूहात कॅलिफोर्निया तेजोमेघ आहे आणि अख्ख्या मृगाला कवेत घेणारा बर्नार्डचा अर्धवर्तुळाकार पट्टा आहे. दुकानातून आणलेल्या कॅमेऱ्याने रात्रभर फोटो काढले तरी यांची फिकट सावलीच हाती लागते.

दोष सेन्सरचा नाही, त्याच्यावरच्या काचेचा आहे. हे तेजोमेघ मुख्यतः तापलेल्या हायड्रोजनचे. त्यांचा लाल उजेड ६५६.३ नॅनोमीटर या एकाच तरंगलांबीवर एकवटलेला असतो. त्याला एच-अल्फा म्हणतात. माणसांची कातडी, कपडे, झाडं यांचे रंग डोळ्यांना दिसतात तसे यावेत म्हणून कंपनी सेन्सरसमोर एक फिल्टर बसवते. तो इन्फ्रारेड अडवतोच, पण त्याआधीपासूनच लाल कापायला लागतो आणि एच-अल्फाचा जेमतेम पाव हिस्सा आत सोडतो. हा फिल्टर काढला किंवा बदलला की कॅमेरा 'मॉड' झाला. त्याच सेन्सरवर तेजोमेघाचा तिप्पट-चौपट उजेड पोचतो.

आधी ठरवा, मॉड हवाय का

आकाशगंगेचा पट्टा, देवयानीतली दीर्घिका, धूमकेतू, कृत्तिकेभोवतीची निळी धूळ हे तुमचे विषय असतील तर मॉडच्या भानगडीत पडू नका. कृत्तिका किंवा एम ७८ इथे धूळ ताऱ्यांचा प्रकाश नुसता परावर्तित करते. तो निळा उजेड साध्या कॅमेऱ्यातही पूर्ण पोचतो. मॉडचा फायदा लाल हायड्रोजनला, आणि आपल्या हिवाळ्याच्या आकाशात तो भरपूर आहे.

मॉड दोन प्रकारचं. एकात मूळ फिल्टर काढून तिथे दुसरी काच बसवतात, जी एच-अल्फा सोडते आणि त्यापुढचं इन्फ्रारेड अडवते. दुसऱ्यात सगळंच मोकळं करतात, त्याला फुल स्पेक्ट्रम म्हणतात. या दुसऱ्या प्रकारात लेन्सवर यूव्ही-आयआर कट फिल्टर लावावाच लागतो, नाहीतर इन्फ्रारेड वेगळ्या जागी फोकस होतं आणि तारे फुगतात. पहिल्यांदाच करत असाल तर पहिला प्रकार घ्या.

हे काम घरी स्क्रूड्रायव्हर घेऊन करू नका. डीएसएलआरच्या फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये बॅटरी काढल्यावरही चांगला झटका देण्याइतका विद्युतभार उरतो, आणि सेन्सरच्या रिबन केबल एकदा फाटल्या की बॉडी गेली. हे काम नेहमी करणाऱ्याकडेच द्या, आणि त्यासाठी नवा कॅमेरा उघडू नका. वॉरंटी जाते, शिवाय गरजही नसते. दहा वर्षं जुनी सेकंडहँड कॅनन बॉडी पुरते. कंपन्यांनी स्वतः काढलेले असे कॅमेरेही आहेत: कॅननचे २००५ चा २०डीए, २०१२ चा ६०डीए आणि २०१९ चा ईओएस आरए, निकॉनचा २०१५ चा डी८१०ए. सगळ्यांचं उत्पादन थांबलंय, पण वापरलेला मिळाला तर तो जास्त निर्धोक सौदा.

मॉड होऊन आलेला कॅमेरा लगेच डोंगरावर नेऊ नका. गच्चीवर तीन गोष्टी तपासा. तुमची प्रत्येक लेन्स अनंतावर फोकस होते का: फिल्टर काढून जागा रिकामी ठेवली असेल तर फोकसची जागा पुढे सरकते आणि काही लेन्स ताऱ्यांपर्यंत पोचतच नाहीत. सेन्सरवर धूळ अडकली आहे का: एफ १६ वर स्वच्छ आकाशाचा फोटो काढा, काळे डाग लगेच दिसतील. आणि चारही कोपऱ्यांतले तारे सारखे टोकदार आहेत का: एकच बाजू कायम लांबट दिसली तर सेन्सर तिरका बसलाय, परत पाठवा. दिवसाचे फोटो गुलाबी-लाल येतील, त्याची काळजी नको. पांढऱ्या कागदावर कस्टम व्हाइट बॅलन्स घेतला की पडद्यावरचा रंग सुधारतो. रॉ फाइलला, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीला, त्याने काही फरक पडत नाही.

थंडी मित्र, दव शत्रू

सेन्सर तापला की अंधारातही त्यात नको ते इलेक्ट्रॉन सुटतात आणि फोटोत दाणे उमटतात. साधारण दर सहा अंशांना हा त्रास दुप्पट होतो. एप्रिलमधल्या २८ अंशांच्या रात्रीपेक्षा जानेवारीतल्या १० अंशांच्या रात्री तो आठव्या हिश्शावर येतो, तेही एक पैसा न खर्चता. निफाडचा पारा घसरल्याची बातमी आली की आकाशवाले खूश होतात ते यासाठी.

पण महाराष्ट्रातली थंडी म्हणजे लडाखची कोरडी थंडी नव्हे. पाऊस उलटून दोन-तीन महिनेच झालेले असतात, धरणं भरलेली, शेतांना पाणी चालू. वारा पडलेल्या निरभ्र रात्री लेन्सची काच उघड्या आकाशाकडे उष्णता फेकत राहते आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होते. ती दव धरायच्या तापमानाखाली गेली की काचेवर पाणी धरतं. रात्री अकराच्या सुमाराला हे होतं आणि तुम्ही गाडीत डुलक्या काढत असता. सकाळी बघावं तर अर्ध्याहून जास्त फ्रेम दुधाळ.

म्हणून ट्रॅकरच्याही (ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणाऱ्या यंत्राच्याही) आधी ड्यू हीटरचा, म्हणजे काच कोमट ठेवणारा पट्टा घ्या. पाच व्होल्टवर चालणारा, पॉवर बँकेला जोडायचा साधा पट्टा पुरतो. तो लेन्सच्या पुढच्या काचेजवळ गुंडाळा, फोकस रिंगवर नाही. हूड लावाच. पट्टा अगदी सुरुवातीपासून मंद चालू ठेवा. काच दोन-तीन अंश कोमट राहिली की झालं, जास्त तापवली तर तारे थरथरतात. पट्टा नसेल तर हात शेकायच्या रासायनिक पुड्या रबरबँडने बांधूनही रात्र निघते. दव पडलंच तर कापडाने पुसू नका. धूळ आणि पाणी मिळून काचेवर ओरखडे उठतात. पट्टा वाढवा आणि वाट बघा.

जागा आणि रात्र

अमावस्येच्या अलीकडचे-पलीकडचे चार-पाच दिवस धरा. त्यासाठी घरातलं पंचांग पुरतं. मृग डिसेंबरच्या मध्याला मध्यरात्री डोक्यावर येतं, जानेवारीच्या मध्याला दहाच्या सुमारास, फेब्रुवारीच्या मध्याला आठलाच. म्हणजे जानेवारीची अमावस्या सगळ्यात सोयीची: संध्याकाळी साडेसातला सुरुवात करा आणि एकनंतर निवांत आवरा. पुण्याच्या अक्षांशावरून एम ४२ सुमारे ६६ अंश उंच चढतो. युरोपातल्या लोकांना तो निम्म्या उंचीवर, धुरकट हवेतून बघावा लागतो. ही आपली मिरास आहे, वापरा.

मुंबईकर आकाशनिरीक्षकांच्या कित्येक पिढ्या वांगणीला गेल्या, पण शहरं आता तिथपर्यंत पोचत आली आहेत. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातला पहिला डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. विदर्भातल्यांनी तिथे जरूर जावं. बाकीच्यांसाठी भंडारदरा किंवा जुन्नरच्या पश्चिमेची घाटमाथ्यावरची पठारं आहेत.

जागा निवडताना नकाशातला अंधार एवढंच बघू नका. हिवाळा म्हणजे गाळपाचा हंगाम. साखर कारखान्याचे दिवे आणि धुराडं दहा-बारा किलोमीटरवरूनही फ्रेमच्या कोपऱ्यात दिसतं, आणि ऊसवाहतुकीचे ट्रॅक्टर रात्रभर हेडलाइट फिरवत जातात. शेकोट्यांचा धूर थंड हवेखाली दबून दरीत साचतो, म्हणून दरीपेक्षा पठार बरं. उसाच्या फडाला लागून ट्रायपॉड लावू नका. जुन्नर-आंबेगाव भागात बिबट्याची भीती नुसती बोलायची नाही. आणि गावात पोचल्यावर आधी पोलीस पाटलांना किंवा शेतमालकाला भेटा. मध्यरात्री शेतात लाल बॅटरी घेऊन फिरणारी माणसं बघून गाव गोळा झालं तर त्यात गावाची चूक नाही.

लेन्स, ट्रॅकर आणि ध्रुवतारा

टेलिस्कोपची घाई करू नका. एपीएस-सी म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर १३५ मिलिमीटरची लेन्स सुमारे साडेनऊ अंश रुंद आणि सव्वासहा अंश उंच आकाश दाखवते. त्यात त्रिकांड, अश्वमुख आणि एम ४२ एकाच चौकटीत बसतात. हिवाळ्यातली एकच लेन्स निवडायची तर हीच निवडावी. कॅलिफोर्निया अडीच अंश लांब आहे, त्याला २०० छान. रोझेट सव्वा अंशाचा, त्याला २०० ते ३००. बर्नार्डचा पट्टा हवा असेल तर उलट ५० मिलिमीटरची साधी लेन्स लागते. लेन्स पूर्ण उघडी ठेवू नका. एफ २ ची असेल तर २.८ ला आणा, कोपऱ्यातले तारे सुधारतात.

एच-अल्फाचे तेजोमेघ अंधुक असतात, म्हणून दीड-दोन मिनिटांची फ्रेम लागते आणि त्यासाठी ट्रॅकर हवा. स्टार ॲडव्हेंचरर किंवा तत्सम कुठलाही चालेल. त्याचा अक्ष ध्रुवाकडे अचूक रोखणं हे रात्रीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि आपल्याकडे त्यात दोन अडचणी आहेत. ध्रुवतारा अक्षांशाइतकाच उंच असतो: कोल्हापुरात सतरा अंशांच्या आत, नागपुरात एकवीस. उत्तरेला एखादी टेकडी किंवा आंब्याचं झाड असलं तरी तो गायब होतो, म्हणून दिवसा होकायंत्राने उत्तर बघून ठेवा. हिवाळी संध्याकाळी सप्तर्षी उगवलेले नसतात. शर्मिष्ठा तारकासमूहाच्या इंग्रजी एम अक्षरावरून ध्रुव शोधावा लागतो. दुसरी अडचण यंत्राची. एवढ्या कमी अक्षांशावर ट्रॅकर जवळजवळ आडवा होतो आणि वजनाचा दांडा उत्तरेकडच्या पायावर आपटतो. ट्रायपॉड असा फिरवा की उत्तरेला पाय न येता दोन पायांमधली फट येईल. मग सगळा भार पुढे झुकतो, तेव्हा मधल्या हुकाला दगडांची पिशवी टांगा. हे सगळं घरी दिवसाउजेडी एकदा करून बघा.

ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून जवळपास दोन तृतीयांश अंश बाजूला आहे. तो ट्रॅकरमधल्या छोट्या दुर्बिणीच्या मधोमध आणून भागत नाही. मोबाइलमधल्या ॲपने त्या क्षणी तो घड्याळाच्या कुठल्या काट्यावर हवा ते बघा आणि तिथे बसवा. नीट बसला तर १३५ वर दोन मिनिटं, २०० वर मिनिट-दीड मिनिट तारे गोल राहतात.

फोकस

पट्टा चालू करून अर्धा तास झाला की फोकस घ्या, आधी नाही. लेन्स गरम-गार होताना फोकस सरकतो. लाइव्ह व्ह्यूमध्ये व्याध किंवा मृगातला राजन्य तारा दहापट मोठा करून लेन्सवर बाहतिनोव्ह मास्क, म्हणजे चिरा पाडलेली चकती लावा. ताऱ्यातून तीन रेषा निघतात. मधली रेषा बाकी दोघींच्या बरोबर मध्ये आली की फोकस झाला. मग रिंगवर चिकटपट्टी लावा. ऑटोफोकस बंद, लेन्समधला स्टॅबिलायझर बंद. दर तासाने पुन्हा तपासा. नऊ वाजता १८ अंश असलेली हवा पहाटे ८ वर येते, आणि तेवढ्यात लेन्स आकसून तारे जाड होतात.

फ्रेम सुरू

रॉ, मॅन्युअल, आयएसओ ८०० किंवा १६००, एफ २.८, ९० सेकंद. इथून सुरू करा. कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद हवं, नाहीतर प्रत्येक फ्रेममागे तेवढाच वेळ वाया जातो. पहिली फ्रेम आली की हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख बघा: डोंगर डावीकडून पाव ते एक तृतीयांश अंतरावर असावा. मॉड कॅमेऱ्यात लाल रंगाचा डोंगर बाकी दोन्हींच्या उजवीकडे असतो, म्हणून तिन्ही रंगांचे हिस्टोग्राम वेगळे बघायची सवय लावा. तो उजव्या भिंतीला टेकता कामा नये.

इंटरव्हॅलोमीटरवर, म्हणजे ठरावीक वेळाने आपोआप शटर उडवणाऱ्या रिमोटवर, दोन फ्रेममध्ये चार-पाच सेकंदांचं अंतर ठेवा. दर आठ-दहा फ्रेमनंतर चौकट हलकीच थोडी सरकवा, दहा-पंधरा पिक्सेल पुरतात. याला डिदरिंग म्हणतात. सेन्सरचे ठरावीक डाग मग प्रत्येक वेळी आकाशाच्या वेगळ्या जागी पडतात आणि स्टॅक करताना, म्हणजे सगळ्या फ्रेम एकावर एक रचताना, आपोआप गळून जातात. आळस करून हे टाळलं तर शेवटच्या चित्रात तिरक्या पावसासारख्या रेघा दिसतात आणि त्या कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट जात नाहीत.

एकूण वेळ किती? जमेल तेवढा. पण हिशोब लक्षात ठेवा: दाणे निम्म्यावर आणायला वेळ चौपट लागतो. एक तासाचं चित्र आणि चार तासांचं चित्र यांत फरक उघड दिसतो. चार आणि पाच तासांत दिसत नाही. माझं मत विचाराल तर एका रात्री तीन तेजोमेघ गोळा करण्यापेक्षा एकाच्याच मागे लागावं. एम ४२ चौकटीत असेल तर शेवटी पाच सेकंदांच्या वीसेक फ्रेम घ्या. त्याचा गाभा इतका तेजस्वी आहे की ९० सेकंदांत तो पांढराफटक होतो.

शहरातूनच काम करायचं असेल तर एच-अल्फा आणि ५००.७ नॅनोमीटरचा ऑक्सिजन एवढंच सोडणारा ड्युअल बँड फिल्टर लावा. पुण्या-ठाण्याच्या गच्चीवरूनही रोझेट येतो. मात्र फ्रेम तीन-चार मिनिटांच्या कराव्या लागतात आणि ताऱ्यांचे रंग फिके पडतात.

१० अंशांत बॅटरी लगेच मान टाकत नाही, पण लाँग एक्स्पोजर तिला खातं. डमी बॅटरी लावून पॉवर बँकेवर चालवणं उत्तम. नाहीतर दुसरी बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. लडाखमधल्या हानलेला निघाला असाल तर हिशोब वेगळा. तिथली वेधशाळा ४५०० मीटर उंचीवर आहे, हिवाळ्यात पारा शून्याखाली वीसपर्यंत जातो, केबल काठीसारख्या ताठ होतात. हवा कोरडी असल्याने दवाचा त्रास कमी, पण बॅटऱ्या दुप्पट न्या.

स्वतःचं म्हणाल तर कानटोपी, मफलर आणि बसायला जाड घोंगडं. थंडी जमिनीतून चढते, स्वेटरमधून नाही.

आवरण्याआधी

शेवटची फ्रेम झाली की लेन्स काढू नका, फोकस हलवू नका. लेन्सवर पांढरं सुती कापड ताणून त्यावर टॅब्लेटचा पांढरा पडदा धरा आणि हिस्टोग्राम मधोमध येईल अशा पंचवीसेक फ्रेम घ्या. या फ्लॅट फ्रेम. कोपऱ्यांतला काळोख आणि सेन्सरवरची धूळ यांच्यामुळे जाते, आणि मॉड केलेल्या बॉडीत धूळ असतेच. मग टोपण लावून सगळ्यात कमी शटरवर तेवढ्याच बायस फ्रेम. शेवटी टोपण लावलेला कॅमेरा उघड्यावर तसाच ठेवून आकाशाच्या फ्रेमइतक्याच सेकंदांच्या, त्याच आयएसओच्या वीस डार्क फ्रेम चालू करा आणि तोवर ट्रायपॉड, खुर्च्या आवरा. डार्क घरी येऊन घेतल्या तर तापमान जुळत नाही. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरवर झाकण ठेवा. बॅटरीचा उजेड तिथून आत शिरतो.

गार कॅमेरा उबदार गाडीत नेण्याआधी झिपच्या पिशवीत हवाबंद करा, सोबत सिलिका जेल. पिशवी दोन तासांनी उघडा. दव मग पिशवीवर बसतं, सेन्सरवर नाही. हे टाळलं तर पुढच्या पावसाळ्यात लेन्समध्ये बुरशी दिसेल.

संगणकावर

सिरिल हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. लाइट (आकाशाच्या फ्रेम), डार्क, फ्लॅट, बायस चार फोल्डरमध्ये टाका, तयार स्क्रिप्ट चालवा. ती फ्रेम दुरुस्त करून, तारे जुळवून स्टॅक करते. त्याआधी दवाच्या, ढगाच्या, विमानाने चिरलेल्या फ्रेम चाळून घ्या. एकटंदुकटं विमान सिग्मा क्लिपिंगमध्ये (बाकी फ्रेमशी न जुळणारे पिक्सेल वगळण्यात) निघून जातं, दुधाळ फ्रेम मात्र हाताने काढाव्या लागतात.

स्टॅक उघडल्यावर चित्र काळं किंवा सगळंच लालभडक दिसेल. तसंच असतं. आधी कडा कापा, मग बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शनने शहराकडच्या बाजूचा उजळपणा काढा. इथे जपून: मृगात जवळजवळ सगळीकडे फिकट हायड्रोजन पसरलाय, नमुन्याचे बिंदू त्याच्यावर ठेवलेत तर बर्नार्डचा पट्टा तुम्हीच पुसून टाकाल. बिंदू कमी ठेवा, आणि मोकळ्या काळ्या जागीच ठेवा. मग फोटोमेट्रिक कलर कॅलिब्रेशन. ते चौकटीतल्या ताऱ्यांचे ज्ञात रंग बघून संतुलन लावतं, त्यामुळे मॉडचा लाल झाक बराचसा तिथेच उतरतो. त्यानंतर स्ट्रेच, म्हणजे अंधुक भाग उजळवणं, एका दमात नाही, थोडा थोडा.

आणि लाल आवरा. मॉड कॅमेरा हाती आल्यावर पहिले काही महिने सगळ्यांचेच तेजोमेघ रक्ताळलेले येतात. हायड्रोजन ४८६ नॅनोमीटरला निळसर उजेडही देतो, शिवाय एम ४२ मध्ये ऑक्सिजनचा हिरवट आणि धुळीचा निळा मिसळलेला असतो. खरा रंग गुलाबीकडे झुकतो. मृगातलाच काक्षी तारा नारिंगी आणि राजन्य निळसर-पांढरा दिसतोय ना, एवढं बघत रंग वाढवा. काक्षी लाल व्हायला लागला की मागे या.

स्ट्रेच करण्याआधीची स्टॅक केलेली फाइल आणि सगळ्या रॉ जपून ठेवा. पुढच्या अमावस्येला तीच लेन्स, तीच चौकट लावून आणखी तीन तास घेतले की ते यांच्यातच मिळवता येतात. फ्लॅट मात्र त्या रात्रीच्या वेगळ्या घ्याव्या लागतील.